राजाबाईंचा टॉवर आणि अंबरनाथची काडेपेटी



हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि संध्याकाळी मुंबईहून सुटलेली बदलापूर लोकल तेव्हा जेमतेम कुर्ला-घाटकोपरला असते. नोकरीवाल्यांना हे सांगायला नको. मीही बारा वर्षं त्याच गाडीत, लेडीज डब्यात, उभ्याउभ्या दशमी आणि शेंगाची चटणी खाल्ली आहे, कारण घरी पोचून जेवायचं म्हटलं तर दिवस गेलेला असायचा. ऑफिस फोर्टात होतं. राजाबाई टॉवरचे टोल कानावर पडले की मी टेबल आवरायला घ्यायचे. त्या टॉवरला ज्या बाईंचं नाव आहे त्याही आपल्यासारख्याच सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन बाई होत्या, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

त्यांच्याबद्दल आजच लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या पंधरवड्यात प्रवचन आटोपल्यावर मंडळातल्या एका वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलीच्या शिक्षणासाठी त्या दरमहा २,००० रुपये म्युच्युअल फंडात टाकतात. आकडा लाल होता. "ताई, काढून टाकू का सगळे?" मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या आमच्या आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "सप्तव्यसनांत पहिलं कोणतं गं?" वहिनी गप्प झाल्या. पहिलं जुगार. ते तर पाठशाळेतल्या पोरांनाही येतं.

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. घरी आले आणि राजाबाईंच्या मुलाची गोष्ट पुन्हा काढून वाचली.

मुलाचं नाव प्रेमचंद रायचंद. जन्म सुरतेचा, १८३१ चा. लहानपणीच घर मुंबईला आलं. इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिले देशी शेअरदलाल म्हणून त्यांचं नाव सांगतात. तेव्हा दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. १८६० च्या सुमारास ते साठेक होते, दोन-तीन वर्षांत दोनशे-अडीचशे झाले. असं काय घडलं होतं?

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या आणि लिव्हरपूलचे व्यापारी हिंदुस्थानी कापूस पडेल त्या भावाने घेऊ लागले. आपल्या दाराशीच हे चाललं होतं, हे मला वाचताना फार जाणवलं. कल्याणहून बदलापूर-नेरळवरून जाणारा रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला होता, आणि एप्रिल १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर देशावरून निघालेली गाडी थेट मुंबईला उतरू लागली. घाटावरच्या कापसाच्या गाठी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून, उल्हास नदीच्या बाजूबाजूने मुंबईकडे जात होत्या. उल्हासनगर नावाचं गाव तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ते नाव १९४९ चं. बदलापूर मात्र होतं. घाटाकडे जाणारे इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं जुने लोक सांगतात.

मुंबईत पैसा आला, आणि नुसता कापसात राहीना. बँका निघाल्या, "फायनान्शियल" नावाच्या कंपन्या निघाल्या, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. सगळ्यांत गाजली ती बॅकबे रेक्लमेशन. तिचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत गेला. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागभांडवल असलेली, सगळ्यांत विश्वासाची बँक. तिचा ५०० चा शेअर २,८५० ला पोचला. शेअर मिळावेत म्हणून माणसं प्रेमचंदांच्या दारात उभी राहायची. त्यांचा सल्ला बँकेतही चालायचा, कर्ज कुणाला द्यायचं हे जणू तेच ठरवत. १८६३ मध्ये बँकेची सनद बदलली आणि शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मोकळीक मिळाली. शेअर चढला की त्यावर कर्ज, त्या कर्जातून आणखी शेअर, तो चढला की त्यावर आणखी कर्ज.

याच भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला दोन लाख ग्रंथालयासाठी आणि आणखी दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव असावं. राजाबाईंना दिसत नसे, म्हणून टोल ऐकून त्यांना जेवणाची वेळ कळावी, अशी गोष्ट सांगितली जाते. मला शंका येते. त्यांचा बंगला भायखळ्याला होता आणि फोर्टातले टोल तिथवर कसे ऐकू जातील? पण आईला दिवस मावळायची वेळ कळावी असं मुलाला वाटलं, ही गोष्ट लोकांनी शंभर-दीडशे वर्षं सांभाळली, त्यात काहीतरी आहेच.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण आला. युद्ध संपलं म्हणजे अमेरिकेचा कापूस येणार. बातमी मुंबईत पोचली तसा भाव कोसळू लागला. खरा घात झाला १ जुलै १८६५ ला. त्या दिवशी शेकडो वायदे पिकायचे होते. वायदा म्हणजे आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर पुढच्या तारखेला. बहुतेकांनी शेअर घ्यायचा नव्हताच, मधला फरक खिशात टाकायचा होता. आता भाव खाली, देणं वर, आणि प्रत्येकाचं देणं दुसऱ्याच्या येण्यावर अडलेलं. बॅकबेचा ५०,००० चा शेअर २,००० च्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० चा शेअर ८७ रुपयांना विकायची वेळ आली. दिवाळखोरांची रांग एवढी लागली की सरकारला त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. जमशेटजी टाटा तेव्हा तरुण होते, लंडनला होते. त्यांच्याही घरच्या पेढीला हा तडाखा बसला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत आठ लाख सोळा हजार माणसं होती. १८७२ मध्ये सहा लाख चव्वेचाळीस हजार भरली. पैसा आटला तशी माणसंही गावाकडे परतली.

प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली, चौकशी आयोग बसला आणि त्यात त्यांच्यावर ठपका आला. आपल्या समाजाचे म्हणून मी त्यांना संत करणार नाही. दुसऱ्यांच्या ठेवींवर त्यांनी फार मोठा डाव मांडला होता. पण पुढचंही तेवढंच खरं आहे. ते पळून गेले नाहीत. पुन्हा दलाली करू लागले, १८७५ मध्ये देशी दलालांची जी संघटना झाली (तिचंच पुढे मुंबई शेअर बाजार झालं) तिच्या संस्थापकांत ते होते, आणि १९०६ मध्ये वारले. मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात पुरा झाला, २८० फूट. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या दोन लाखांतून सुरू झालेली शिष्यवृत्तीही पुढे चालू राहिली. कमावलेलं गेलं, दिलेलं राहिलं. हे वाक्य मी आईंना ऐकवलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

आता वहिनींच्या लाल आकड्याकडे येते, आणि थोडं पाटीवरचं गणित करते, कारण माझा स्वतःचा गोंधळ त्यानेच सुटला.

१०० रुपये आहेत. या वर्षी ५० टक्के वाढले, १५० झाले. पुढच्या वर्षी ५० टक्के पडले. किती राहिले? आपण पटकन १०० म्हणतो. राहतात ७५. हेच १० टक्के वर आणि १० टक्के खाली झालं असतं तर ९९ राहिले असते. दोन्ही ठिकाणी सरासरी शून्यच, पण हेलकावा मोठा असेल तर तो स्वतःच पैसा खातो. आणि पडझड जितकी खोल, तितकं वर येणं अवघड. निम्मं गेलं तर पुन्हा तिथे यायला दुप्पट व्हावं लागतं. बॅकबेवाल्याला ५०,००० चे २,००० झाल्यावर पंचवीस पट व्हावं लागलं असतं.

मग शेअरमध्ये जास्त मिळतं असं म्हणतात ते का? मी त्याला पंगतीसारखं बघते. कंपनीच्या कमाईच्या पंगतीत आधी कामगार बसतात, मग माल पुरवणारे, मग कर्ज देणारी बँक, मग सरकारचा कर. त्यांची ताटं मोजून वाढलेली असतात. शेवटच्या पंगतीला शेअरवाला. ज्या दिवशी भांडं भरलेलं असेल त्या दिवशी त्याला पोटभर, आणि ज्या दिवशी खरवड उरेल त्या दिवशी खरवड. शेवटी बसायची तयारी आहे म्हणून एरवी त्याच्या वाट्याला जास्त यावं, हा त्यातला न्याय. त्याचा वाटा रोज कमीजास्त होतो, तोच मोबाइलवरचा हिरवा-लाल आकडा. पण शेवटी बसलं म्हणजे जेवण मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नसतं. आपण घरातल्या बायकांना हे कुणी शिकवायला हवं का?

म्हणून हेलकावा आणि धोका या दोन गोष्टी मी आता वेगळ्या धरते. भाव खाली जाऊन परत येणं हा हेलकावा. परत यायच्या आत आपल्याला विकावं लागणं, किंवा ज्याचा शेअर आहे ते दुकानच उठणं, हा धोका. बॅकबेत समुद्र भरून जमीन काढायची कल्पना काही खोटी नव्हती. पुढच्या शतकात बॅकबेत भर पडलीच, मरीन ड्राइव्ह झाला, आज तिथल्या एका खोलीचा भाव ऐकला तरी घेरी येते. पण १८६५ च्या जुलैत ज्याला देणं भागवायचं होतं त्याला त्या जमिनीचा काय उपयोग? त्याच्यापाशी वेळ नव्हता, कारण पैसा दुसऱ्याचा होता. आपल्या गावच्या नावाशी मिळताजुळता एक शब्द या बाजारात होता, बदला. आजचा सौदा आज न चुकवता, थोडं व्याज देऊन पुढच्या हिशोबावर ढकलायचा, म्हणजे बदला. घोडा न बदलता दमलेल्याच घोड्यावर पुढे जायचं. ती पद्धत मुंबईत २००१ पर्यंत चालली, मग सेबीने बंद केली. आता त्या जागी फ्युचर्स-ऑप्शन्स आहेत, आणि आपली मुलं मोबाइलवर तेच करताना मी पाहते.

आई जे जुगार म्हणतात ते हेच असेल तर मी त्यांच्याच बाजूने आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण हेलकावे नाहीत म्हणजे धोका नाही, असं आपल्या बायकांना जास्त वाटतं. त्यासाठी फोर्टात जायला नको, अंबरनाथ पश्चिमेला उतरलं तरी पुरे. विम्को नाका सगळ्यांना माहीत आहे. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. १९२२ मध्ये परदेशी काडेपेट्यांवरचा आयातकर वाढला, तेव्हा स्वीडिश मॅच कंपनीने बाहेरून माल आणण्याऐवजी इथेच कारखाने काढायचं ठरवलं, त्यातला हा अंबरनाथचा. होमलाइट्स आणि शिप छापाच्या पेट्या आपल्या आया-आज्यांच्या चुलीशी असायच्या.

या स्वीडिश कंपनीचा मालक इव्हार क्रूगर. जगभर त्याला काडेपेटीचा राजा म्हणत. पहिल्या महायुद्धाने कंगाल झालेल्या सरकारांना तो कर्ज द्यायचा आणि बदल्यात त्या देशात काडेपेटी विकायचा मक्ता घ्यायचा. १९२७ मध्ये फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर दिले, १९२९ मध्ये जर्मनीला साडेबारा कोटी कबूल केले. त्याच्या कंपनीचे कागद अमेरिकेत घरोघरी होते, कारण लाभांश दर्शनी किमतीवर २५ टक्के आणि त्याहूनही जास्त, वर्षामागून वर्ष, न चुकता. धंद्यात वरखाली होतच असतं, मग याचा आकडा कसा हलत नाही, हे फार थोड्यांनी विचारलं. हलत नव्हता कारण तो नव्या लोकांच्या पैशातून भरला जात होता. १२ मार्च १९३२ ला क्रूगरने पॅरिसमध्ये स्वतःला गोळी घालून घेतली. हिशोब तपासल्यावर इटली सरकारचे म्हणून ठेवलेले रोखे खोटे निघाले. १८६५ च्या मुंबईत भाव रोज नाचत होते, डोळे असणाऱ्याला दिसत होते. क्रूगरचं तळं शेवटच्या दिवसापर्यंत शांत होतं.

(काड्या बनवणारे कारखाने मात्र खरे होते. विम्को पुढे कित्येक वर्षं चालली, २००५ मध्ये आयटीसीकडे गेली. बुडाले ते कागद.)

हे वाचताना मला आमच्या आईंची आठवण येणं साहजिक होतं. शेअरला जुगार म्हणणाऱ्या आईंनी आपल्या बांगड्या मोडून आलेले पैसे या पट्ट्यातल्या एका सराफाच्या सुवर्ण-भिशीत ठेवले होते. दरमहा व्याज ठरलेलं, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पाहुणे आले की त्या कौतुकाने सांगायच्या, "आमचं कसं, बाजार पडो नाहीतर चढो." एका दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप लागलं. पोलीस ठाण्याबाहेरच्या रांगेत आपल्याच मंडळातल्या सहा जणी भेटल्या. त्यातला रुपयाही परत आलेला नाही. तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की त्या थोड्या जोरातच बोलतात. मी ते समजून घेते.

तेव्हा वहिनींना काय सांगायचं? मी त्यांच्यासाठी एका कागदावर सेन्सेक्सचे काही आकडे लिहिले. जानेवारी २००८ मध्ये २०,८७३, मार्च २००९ मध्ये ८,१६०. साठ टक्क्यांहून जास्त पडला आणि नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत पुन्हा २१,००० वर आला. २३ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या तोंडावर, एका दिवसात जवळजवळ ३,९०० अंक गेले आणि २६,००० च्याही खाली बंद झाला. त्याच नोव्हेंबरात तो ४२,००० च्या वर होता. हे वाचून त्यांचा चेहरा खुलला, म्हणून मी खाली आणखी एक ओळ लिहिली, कारण अर्धं खरं सांगणं हाही असत्याचाच प्रकार. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स ४,४६७ ला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. त्या तेजीत एकरकमी पैसे घातलेल्या बाईची मुलगी तोवर शाळा संपवून कॉलेजात गेली असेल.

मग मी त्यांना तीन प्रश्न विचारले. पैसे कुणाकडून उसने आणलेत का? नाही, पगारातले. सगळे एकाच कंपनीत आहेत का? नाही, निर्देशांकाचा फंड आहे, पन्नास कंपन्या. मुलीला पैसे कधी लागतील? यावर त्या थांबल्या. थोरली बारावीला आहे, फी पुढच्या जूनमध्ये. धाकटी चौथीत.

हे त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं. दोघींचे पैसे एकाच खात्यात होते. जूनच्या फीचे पैसे शेवटच्या पंगतीला बसवून कसं चालेल? ते सावकाश काढून ठेवीत टाकायचे, तोटा झाला तरी, असं आम्ही ठरवलं. तो तोटा निघाला ११,००० च्या वर. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. धाकटीचे तसेच राहू द्यायचे, आणि आकडा रोज न बघता दिवाळीला एकदा बघायचा. परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलेल्या बाईने रोज किंमत मोजत बसू नये, हे माझं आपलं मत, ते सगळ्यांना पटेल असं नाही.

आई सगळं ऐकत होत्या. वहिनी गेल्यावर म्हणाल्या, "त्या राजाबाईंच्या मुलाने आईचे दागिने विकले होते का गं, बुडाल्यावर?"

मी अजून शोधते आहे. कुठे वाचायला मिळालेलं नाही.